किल्ली काढल्यानंतरचा ठोका

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे. सामान कमी आणि सूचना जास्त, असा हिचा प्रवास. कपबश्यांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती अख्खा रस्ता, आणि टेम्पोवाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी 'हळू' म्हणत होती. शेवटी तो बिचारा सपाट रस्त्यावरही हळू जायला लागला. एकही कप फुटला नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

जागा बघून जीव हरखला. खाली गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या, आणि मधे गॅरेजच्या आतूनच चढणारा लोखंडी जिना, शिवाय मागच्या अंगाला बाहेरचं एक दार आणि पायऱ्या. कामाला जायचं म्हणजे चप्पल घालायची आणि उतरायचं. पुढच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी आहे. पाळणा तिथे लागणार, हे हिनं पाऊल टाकल्या टाकल्या ठरवलं. मला विचारलं नाही, पण मीही तेच म्हणणार होतो.

मालकीणबाई शेजारच्या घरात राहतात. गॅरेज त्यांच्या यजमानांचं. ते गेल्यावर बाईंनी ते बंद पडू दिलं नाही. जुन्या गाड्यांचं काम इथे फार येतं, आणि त्यांना हवा होता चांगला कान असलेला मेकॅनिक. चांगला कान म्हणजे अस्मादिक. बढाई नाही, पण गाडी गल्लीच्या तोंडाशी असते तेव्हा मी तिचं दुखणं सांगतो.

ही वही हिनंच दिली. म्हणाली, तुम्ही फार बोलता आणि मला हल्ली मधेच झोप लागते, तेव्हा उरलेलं हिच्यात लिहीत जा. तर हे उरलेलं.

हिला सातवा लागलाय. मागच्या वेळी पाचव्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे 'सातवा' हा शब्द आम्ही दोघं अजून हळू आवाजातच बोलतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: धक्का नको, घाबरणं नको, जिना कमीत कमी आणि सावकाश. बाकी सगळं छान आहे. हिची जुनी सवयही शाबूत आहे. दुपारी पडलं की माझ्या छातीवर कान ठेवून झोपायचं. तुमचं इंजिन ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणते. माझा हात बधीर होतो, पण मी हलत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नव्याची नवलाई चालू आहे. गॅरेजमध्ये माझ्याशिवाय एकच माणूस, काका. मालकीणबाईंचे धाकटे दीर. लहानपणी तापात दोन्ही कान गेले, ठार बहिरे. पण माणूस वल्ली आहे. चालू गाडीच्या बोनेटवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात, आणि निम्म्या वेळा बरोबर सांगतात. उरलेल्या निम्म्या वेळेसाठी मी आहे. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. स्वतः बोलतात ते मोठ्यांदा आणि एकाच पट्टीत, त्यामुळे चहा मागितला तरी भांडण काढल्यासारखं वाटतं.

लोकांना वाटतं, इंजिन ठोकतंय म्हणजे एकच आजार. अहो, ते 'पोटात दुखतंय' म्हणण्यासारखं आहे. सकाळी थंड असताना खडखडलं आणि गरम झाल्यावर गप्प बसलं, तर पिस्टन झिजून सैल झालाय. म्हाताऱ्या गाडीत ते चालायचंच. चढावर टिणटिण वाजलं तर पेट्रोल भिकार, नाहीतर आत कार्बन साचलाय. वरच्या अंगाला टिकटिक असेल तर व्हॉल्व्ह. पण खालून, पोटातून, जड ठक्क ठक्क आलं आणि भार पडला की वाढायला लागलं, तर बेअरिंग गेलं म्हणून समजा. तशीच दामटली गाडी, तर एक दिवस आतला रॉड तुटतो आणि इंजिनची कूस फोडून बाहेर येतो.

चोर पकडायची रीत सोपी. इंजिन चालू ठेवून एकेका सिलेंडरच्या प्लगची वायर काढत जायची. ज्याची काढल्यावर ठोका पडतो, तो चोर. मग माझी लांब सळई घ्यायची, टोक इंजिनला, लाकडी मूठ कानाला, की नेमकी जागा कळते.

इथे मात्र एक गंमत आहे. मागच्या कोपऱ्यात ठोकळ्यांवर एक मेलेलं इंजिन ठेवलंय, असंच कूस फुटलेलं. मूठ जाईल एवढं भोक आहे. काम संपल्यावर काकांनी मला तिथे नेलं आणि सळई उलटी धरायला लावली: मूठ त्या भोकात, टोक माझ्या छातीच्या हाडावर. आणि उभं राहायचं. किती वेळ? ते सांगतील तोवर. मालकीणबाई दारातून हसत होत्या. यजमानांची रीत म्हणे ही. याला ते 'कान रिकामा करणं' म्हणायचे. दिवसभर तू ऐकलंस, आता त्याला तुझं ऐकू दे, असं सांगायचे. मी आपला उभा राहिलो. टोक गार लागलं, एवढंच. काका स्वतः हे करत नाहीत. तुम्हाला सूट का, असं मी थट्टेनं विचारलं, तर त्यांनी आपल्या कानांकडे बोट दाखवलं आणि हसले नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

काका दहाबारा दिवसांसाठी बहिणीकडे गेलेत. जाताना दारातून परत येऊन मला त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून गेले. मी हो हो म्हटलं.

आणि आज एक मोठं काम उरकलं. गॅरेजमध्ये दोनच गाड्या मावतात, तिसरी रस्त्यावर उभी करावी लागते. का, तर कोपऱ्यात ते धूड. भंगारवाला गल्लीत आलाच होता. मालकीणबाईंना विचारलं तर आधी त्या कोपऱ्यापाशी जाऊन आल्या. मग म्हणाल्या, न्या एकदाचं. नवरा संसारापेक्षा जास्त वेळ त्या लोखंडापाशी उभा असायचा, आणि आता तो नाही आणि हे आहे, हे त्यांना रोज बघवत नाही. त्यांचे डोळे भरून आले, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

चार माणसांनी उचललं. खाली तेलाचा काळा चौकोन राहिला, तो भुसा टाकून घासला. आता तिसरी गाडी आरामात मावते. 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा' असं माझी आई मला म्हणायची. बैल नाही, पण कोपरा रिकामा झाला. काका परत आले की दोन दिवस धुसफुस करतील आणि मग जागा बघून खूश होतील.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक बहाद्दर गाडी आली. बेकरीवाल्याची पाव पोचवायची व्हॅन. त्याच्या वडिलांनी चालवली, मग यानं. मीटर किती वेळा फिरून परत शून्यावर आला ते त्यालाही ठाऊक नाही. आत पावाचा इतका खमंग वास की मी बोनेटऐवजी मागचंच दार आधी उघडलं.

ठोका जड आहे, खालून येतो, आणि लंगडा आहे. ठक-ठक, आणि मग एक उशिरा. ठक-ठक, आणि एक उशिरा. म्हटलं बेअरिंग. तेल बघितलं, पातळी बरोबर. तरी नवं जाड तेल घातलं. पेट्रोल बदललं, टायमिंग मागे घेतलं, इंजिनचे पाय घट्ट केले, सायलेन्सरवरचा पत्रा सैल असेल म्हणून तोही काढला. छे, ठोका जागचा हलेना.

मग वायरी काढल्या. पहिली, तसाच. दुसरी, तसाच. तिसरी, चौथी, तसाच. चार सिलेंडर, चौघंही साव. इतक्या वर्षांत असं झालेलं नाही. ठोका कमी होत नाही, वाढत नाही. आपलं काय चाललंय तिकडे त्याचं लक्षच नाही.

ही वरून हाका मारत होती, जेवायला गेलो. जेवताना मी बोटांनी ताटावर तोच ताल धरला होता. हिनं माझा हात धरून थांबवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी व्हॅन चालू केली, सळई लावली, मूठ कानाला. ठोका स्पष्ट. नेमकी जागा काही सापडेना; जिथे टोक टेकवावं तिथून तो सारखाच यायचा. वैतागून दुसरा हात खिडकीतून घालून किल्ली फिरवली आणि काढून खिशात टाकली. इंजिन थांबलं. पंखा थांबला.

ठोका थांबला नाही.

ठक-ठक. आणि एक उशिरा.

काहीही हलत नव्हतं. मी तळहात लावून बघितलं, इंजिन शांत. सळईत मात्र चालू होतं. कान काढून घ्यायला हवा होता. मला काढता आला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. मला काढायचा नव्हता. इतका जवळचा आवाज होता तो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग हळूहळू तो बारीक झाला आणि सळई मुकी झाली.

गाडी चालू केली. शिलाई मशीन! बेकरीवाल्यानं एक फेरी मारली आणि येऊन मला मिठीच मारली. तुमच्या हाताला गुण आहे म्हणाला. काय केलंत, असं विचारत होता. काय सांगू? मी म्हटलं, ऐकून घेतलं तिचं.

हात धुताना सवयीनं मागच्या कोपऱ्याकडे वळलो. तिथे आता एक टॅक्सी उभी आहे. कान रिकामा करायला जागा नाही, म्हणून तसाच वर आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिना चढताना छातीत काहीतरी अडखळतं. बसलो की थांबतं. पाव फार खाल्ले, दुसरं काय? बेकरीवाल्यानं पिशवी भरून दिले होते.

भार पडला की वाढतं. हे वाक्य डोक्यात का आलं कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. दुपारी दोघं पडलो. ही नेहमीसारखी छातीवर कान ठेवून. थोड्या वेळानं डोकं उचलून म्हणाली, आज तुमचं इंजिन मिसिंग मारतंय. आमच्या धंद्याचे शब्द हिला बरोबर येतात. मी म्हटलं, मेकॅनिक बदल. हसली आणि परत कान टेकवून गाढ झोपली. चांगली दोन तास झोपली.

उठल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. जिना दोनदा चढून-उतरून बघितला, काही नाही. म्हणजे पावच होते.

ही मात्र उठल्यापासून गप्प आहे. अंगात कणकण आहे म्हणते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज दाखवायचा दिवस होता. डॉक्टरीणबाईंनी हिच्या पोटावर यंत्र ठेवलं आणि बाळाच्या ठोक्यांचा आवाज मोठा केला. मागच्या तपासणीला हा आवाज ऐकून मी लहान पोरासारखा रडलो होतो. घोडा दौडत असल्यासारखा असतो तो, एकसारखा.

आज तो एकसारखा नव्हता.

बाईंनी यंत्र सरकवलं, परत ठेवलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण त्यांचा हात थांबला होता. मग म्हणाल्या, एखादा ठोका मागे पडतोय, कधीकधी होतं तसं, शुक्रवारी परत या. तेव्हाही असंच असेल तर मोठ्या इस्पितळात भरती व्हावं लागेल. हिनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मी त्यांना काय सांगणार होतो? की हा ताल मी ओळखतो? घाईत होता, बारीक होता, पण तोच. दोन लागोपाठ, आणि एक उशिरा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही. कानाचा दोष असणार. दिवसभर ठोके ऐकणारा माणूस, कानात बसला असेल तो.

ही शेजारी मालकीणबाईंकडे बसली होती. मी वर आलो आणि शिस्तीत सगळं तपासलं. आमचीच रीत: एकेक बंद करत जायचं. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. नळ आवळला. खोली इतकी शांत झाली की स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. ठोका कुठेही नव्हता. जीव भांड्यात पडला. म्हटलं, कानाचाच खेळ.

मग ही वर आली. जिन्यावर दमली, खुर्चीत बसली, पाणी मागितलं. मी पाणी द्यायला वाकलो.

ठक-ठक.

वाकलेलाच राहिलो. एक उशिरा आलाच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काका आले. दारातच थांबले. टॅक्सीकडे बघितलं, मग टॅक्सीखाली वाकून जमिनीवरचा तो घासलेला चौकोन बघितला. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

"इथलं इंजिन कुठे गेलं?"

मी सांगितलं. ओठ नीट हलवून, सावकाश, सगळं सांगितलं. पावाची व्हॅन, चार वायरी, किल्ली काढल्यावरचा ठोका. ते खाली बसले.  मग त्यांच्या त्या मोठ्या सपाट आवाजात एवढंच विचारलं.

"त्यानंतर तुझं कोणी ऐकलं?"

 मी वरच्या खोलीकडे बघितलं.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते असं. ठोके बहुतेक लोखंडाचेच असतात. पण फार फार चाललेल्या गाड्यांत एखादी अशी येते, की तिचा ठोका कुठल्याच सिलेंडरचा नसतो आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. तो ऐकणाऱ्याकडे जातो. जो ऐकतो, तो घेतो. दादांनी, म्हणजे मालकीणबाईंच्या यजमानांनी, उलट्या सळईची रीत काढली ती त्यासाठी. आपल्याला त्या फुटलेल्या इंजिनाला ऐकू द्यायचं, की ते घेतं. आधीच फुटलेलं, त्याचं आणखी काय बिघडणार? दादा एकदाच विसरले. लग्नाला जायची घाई होती. या जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर पडले. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. काकांनी उचलताना छातीवर हात ठेवला होता. दादा गेले होते, आणि तळहाताला लागत होतं: दोन, आणि एक उशिरा.

मी म्हटलं, मग हिच्याकडे गेला असेल तर हिच्यात असेल, बाळात का?

काका माझ्यावर ओरडले नाहीत. आवाजच तसा आहे. म्हणाले, पोटातलं पोर चोवीस तास दुसरं काय ऐकत असतं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

उपाय एकच आहे. मी परत ऐकायचं. काका बहिरे, त्यांच्याकडे तो जाणार नाही. ते रडवेले झाले हे सांगताना. सळईची गरज नाही, कान पुरे. पण पूर्ण येईपर्यंत कान उचलायचा नाही. अर्धवट उचलला तर दोघांत राहतो.

हिला काही सांगितलं नाही. घाबरणं नको, असं सांगितलंय ना? कशी सांगू? दुपारी म्हटलं, जरा बाळाशी बोलतो. हिला हसू आलं. पोटावर कान ठेवला.

होता. सगळ्यात तळाशी होता.

मी ऐकत राहिलो. ही केसांतून हात फिरवत काहीबाही बोलत होती. नाव काय ठेवायचं, डोळे कोणासारखे असतील. माझ्या छातीत पहिला ठोका बसला तेव्हा ओरडायचं होतं मला. दात आवळले. कान उचलला नाही. उचलला नाही. शेवटी आत फक्त घोडा दौडत राहिला. एकसारखा. छान. माझं पोर.

ही म्हणाली, तुम्ही रडताय का?

आता तो माझ्याकडे आहे. मला ताप आलाय, साथीचा आहे, जवळ येऊ नको, असं सांगून खाली आलो. गॅरेजमध्येच बाकावर झोपणार. डोळा लागत नाही. दोन, आणि एक उशिरा.

ते इंजिन वितळलं. काका भंगारवाल्याकडे जाऊन आले. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांची इंजिनं लावून बघितली, उलटी सळई धरून. घेत नाहीत. धड आहेत ती. आतून फुटलेलं हवं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

काका पहाटेच टेम्पो घेऊन गेले, शहराबाहेरच्या मोठ्या भंगार बाजारात. कूस फुटलेलं इंजिन मिळाल्याशिवाय येत नाही म्हणाले. संध्याकाळपर्यंत येतील. तोवर मी बसून राहायचं. भार नको. जिना नको. आणि कोणी जवळ नको.

शटर आतून ओढलंय. जिन्याच्या दारातलं कुलूप फिरवून किल्ली खिशात ठेवली. ही मालकीणबाईंबरोबर दवाखान्यात गेली, बाहेरच्या दारानं.

आज सगळं कळेल.

दुपार

हिनं शटरबाहेरून ओरडून सांगितलं. ठोके एकदम बरोबर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घड्याळासारखं चालू आहे, भरती-बिरती काही नको. ही हसत होती की रडत होती कळलं नाही. मी आतून शटरवर हात ठेवला होता. तिनंही बाहेरून ठेवला असावा.

दार उघडा म्हणाली. नाही म्हटलं, ताप आहे. डॉक्टरांना बोलावते म्हणाली. नको म्हटलं, संध्याकाळी बरा होतो. थोडी रागावली. कधीपासून असे वागताय, तोंड तरी दाखवा म्हणाली.

संध्याकाळी दाखवतो. आयुष्यभर दाखवतो.

नुसतं उठून पाणी प्यायलो तर —

बसून राहायचं.

जरा वेळानं

मंगळवारपासून झोप नाही. अक्षर तिरकं जातंय. झोपायचं नाही. झोपलो तर कोणी —

काका, या लवकर.

टेम्पोचा आवाज? नाही. रस्त्यावरचा दुसराच.

डोळे मिटता —

संध्याकाळ

गेला!

गेला, गेला. ठोका गेला. बाकावर डोळा लागला होता. आता छाती इतकी मोकळी आहे की ओरडावंसं वाटतंय. उठलो, चाललो, पाणी प्यायलो, काही नाही. आपोआप गेला! काकांनाही सगळं माहीत असतं असं नाही. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज येतोय, तेच असतील. आले की सांगतो, आणलेलं ठेवा कोपऱ्यात शोभेला.

कशानं जाग आली? हां, हिच्या आवाजानं. ही आली होती. मालकीणबाईंकडे जिन्याच्या दाराची जादा किल्ली असते, मला काय माहीत! माझा हात धरून बाकाशेजारी बसली होती म्हणे, केव्हाची. मी अर्धवट झोपेत होतो. कपाळाला हात लावला आणि हसली. म्हणाली, "ताप नाही न काही नाही. इतके पांढरे दिसत होतात की मी घाबरले. मग छातीवर कान ठेवून बसले बराच वेळ. आता कसं शांत झालंय बघा आत."

मी हे लिहायला बसेपर्यंत इथेच होती, आता चहा टाकते म्हणून वर जायला निघा

कान ठेवून

ऐकत बसली ती ऐक

जिन्यावर पावलं ऐकू येतायत तिची. सावकाश चढतेय. दोन पायऱ्या, आणि एक उशिरा. दोन, आणि एक उशिरा. दोन, आणि